बेचाळिसावीचा पान क्रमांक

भाऊजी,

आधीच सांगते, हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुमच्या खोलीला आता कुलूप आहे आणि तुम्ही गेलात तिथला पत्ता कुणी देत नाही. पण पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना एकच सांगत आले, की आडवळणं नकोत, प्रयोगात जे घडलं ते लिहा. तेव्हा तुमच्याबद्दल जे घडलं ते लिहिते. त्यातलं बरंचसं तुम्हाला माहीतच आहे. वैतागू नका. वाचणाऱ्यांना ते माहीत नाही.

तुम्ही माझे धाकटे दीर. टेलिफोन खात्यात लाइनमन. कमरेला जाड पट्टा, खांद्यावर तारेचं भेंडोळं आणि शर्टाच्या खिशात एक लांबट डायरी. डायरीत तीन रकाने होते : तक्रार, कारण, निवारण. घरी आलात की दारातूनच "हॅलो, टेस्टिंग" म्हणायचात. मी म्हणायचे, "भाऊजी, हे घर आहे, खांब नाही." त्यावर तुम्ही म्हणायचात, "म्हणूनच विचारतोय. खांबावर निदान उत्तर तरी येतं."

बिघाड शोधण्याची तुमची एक पद्धत होती आणि तिचा तुम्हाला फार ताठा होता. पहिल्या खांबापासून एकेक तपासत जातो तो गाढव, असं तुम्ही म्हणायचात. सरळ मधल्या खांबावर चढायचं. तिथे आवाज आला, तर दोष पुढच्या अर्ध्यात. नाही आला, तर मागच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. चाळीस खांबांतला दोष सहा चढायांत सापडलाच पाहिजे. आमचा मिक्सर बिघडला तेव्हाही तुम्ही तो अर्धा उघडून बसला होतात, आणि शेवटी दोष भिंतीतल्या बटणात निघाला. ते मी तुम्हाला मरेपर्यंत ऐकवलं.

आता धाकटीबद्दल. माझी जाऊ, तुमची बायको. नदीपलीकडच्या शिवणशाळेत शिकवायची. अंगाने किरकोळ, जिभेने नाही. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा स्पष्ट बोलायची. रोज सकाळी नऊ दहाच्या लाँचने पलीकडे जायची, मासिक पासावर. एकोणतीस वर्षांपूर्वी ती लाँच नदीच्या मध्यावर कलंडली. चौकशी समितीने मृतांची यादी केली ती दोन गोष्टींवरून : सापडलेले देह आणि फाडलेली तिकिटं. एकेचाळीस. धाकटीचा देह सापडला नाही आणि पासवाल्यांना तिकीट फाडत नसत. सरकारी कागदावर ती सात वर्षं नुसती 'बेपत्ता' होती, म्हणजे एखादी छत्री हरवावी तशी.

अकराव्या दिवशी एका वर्तमानपत्राने तीन ओळींची दुरुस्ती छापली. धक्क्यावरच्या तिकीट तपासनिसाने बातमीदाराला सांगितलं होतं, की पासवाली शिवणबाई रोजच्यासारखीच चढली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली; तेव्हा मृतांचा आकडा बेचाळीस धरावा. बस्स. तीन ओळी. समितीने त्या वाचल्या नाहीत. तुम्ही वाचल्यात, कापल्यात आणि पाकिटात ठेवल्यात.

आणि कापल्यात तरी कशा! तार सोलावी तशी तुम्ही ती बातमी सोललीत. चारी बाजूंनी अगदी अक्षरांना खेटून. तारीख गेली, पान क्रमांक गेला, वर्तमानपत्राचं नावसुद्धा गेलं. उरल्या नुसत्या तीन ओळी आणि मागच्या बाजूला एका जाहिरातीतला अर्धा बूट. तुमच्यासारखा नीटनेटका माणूसच एवढी मोठी चूक करू शकतो.

पुढची कित्येक वर्षं तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. निवृत्त झालात, खात्याने खांबही काढून टाकले, छातीचा विकार जडला. तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली, खिडकीला लागून टेबल, टेबलावर माझ्या मुलीने टाकून दिलेला संगणक. एके दिवशी तुमचा फोन आला. "वहिनी, लाँचवर पान आहे हो इथे. विकीवर. कुणीही लिहू शकतं म्हणतात."

"कुणीही लिहू शकतं म्हणजे कुणीही खोडू शकतं," मी म्हटलं. "संदर्भ द्यावा लागेल. संदर्भाशिवाय तिथे कुणी उभं करत नाही."

"संदर्भ म्हणजे?"

"म्हणजे हे तुम्हाला कुणी सांगितलं, ते."

"मला तिने स्वतः सांगितलं ना. 'येते' म्हणाली."

मी तुम्हाला तळटीप काय असते ते समजावलं. वाक्यापुढे बारीक आकडा, त्यावर टिचकी मारली की पानाच्या तळाशी पुरावा. नशिबाने त्या वर्तमानपत्राने जुने अंक संकेतस्थळावर चढवले होते, आणि तुम्हाला ती दुरुस्ती अपघातापासून अकराव्या दिवसाची तारीख मोजून सापडली. मजकूर होता, तारीख होती. पान क्रमांक तिथेही नव्हता, पण दुवा असला की पानाचं कोण विचारतं? तुम्ही लेखात एकेचाळिसाचे बेचाळीस केलेत, पुढे संदर्भ जोडलात आणि मला फोन केलात. मी दुवा उघडला. कोरं पान.

मग सुरू झालं तुमचं खांबांवर चढणं. विकीवर कच्चं काम करायला एक वेगळं पान असतं, त्याला धूळपाटी म्हणतात. तुम्ही तिथे तो लांबलचक पत्ता अर्धा चिकटवलात, झलक पाहिलीत. मग दुसरा अर्धा. मग त्याचा अर्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दूध तापवत असताना, तुम्ही फोनवर ओरडलात, "सापडली! उभी रेघ!"

"कसली रेघ? दूध उतू चाललंय माझं!"

"जाऊ द्या दूध. पत्त्याच्या मधोमध एक उभी रेघ आहे. संदर्भाच्या साच्यात रकाने पाडायला तीच रेघ वापरतात. त्यामुळे यंत्राला वाटतं, इथे रकाना संपला. ते पत्ता तिथेच तोडतं. वायरमध्ये खिळा बसलाय!"

तुम्ही रेघ काढून तिच्या जागी तिचा सांकेतिक आकडा घातलात : टक्क्याचं चिन्ह, सात, सी. दुवा उघडला. तीन ओळी दिसल्या. त्या दिवशी तुमच्या डायरीत किती वर्षांनी तिन्ही रकाने भरले.

पण तो आनंद आठवडाभरच टिकला. दुसऱ्या कुणीतरी सोप्या पद्धतीच्या संपादकातून, म्हणजे बटणं दाबून लिहायच्या त्या प्रकारातून, लेखातला एक स्वल्पविराम हलवला. पान जतन होताना त्या संपादकाने तुमच्या टक्क्याची परत उभी रेघ करून टाकली. दुवा तुटला. तुम्ही जोडलात. पुन्हा कुणी काही हलवलं, पुन्हा तुटला. तुम्ही विकीच्या कारागिरांना सविस्तर तक्रार लिहिलीत, कोणत्या बटणाने काय होतं ते टप्प्याटप्प्याने. उत्तर आलं : नोंद घेतली आहे.

"आम्हीही हेच लिहायचो," तुम्ही म्हणालात. हसता हसता तुम्हाला खोकला आला तो थांबेना.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला तुम्ही ते पान उघडून दुवा तपासायचात. ड्युटी लागल्यासारखे, दाढी करून.

मग तो रविवार. मी डबा घेऊन आले तर आदल्या दिवशीचा डबा तसाच होता. पडद्यावर सात ठिकाणी लाल अक्षरं : या नावाच्या संदर्भाला मजकूर दिलेला नाही. जिथे जिथे बेचाळीस होते, तिथे तिथे लाल. तुम्ही तीन दिवस अर्ध्याचा अर्धा करत बसला होतात. डोळे सुजलेले.

"यांच्या यंत्रातच बिघाड आहे," तुम्ही म्हणालात. "मी कुठेही हात लावलेला नाही."

मी मास्तरीण. 'मी काही केलं नाही' म्हणणारी मुलं मी आयुष्यभर पाहिलीत. विकीच्या प्रत्येक पानाला इतिहास असतो. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे राहतं. मी तो उघडला. गुरुवारी दुपारी एकच बदल झाला होता आणि तो तुमच्याच नावावर होता. एक वाक्य काढलेलं. 'मासिक पास असलेली एक शिवणशिक्षिका त्या दिवशीही नेहमीप्रमाणे लाँचवर चढली.'

"हे तुम्हीच लिहिलेलं ना, भाऊजी? मग काढलंत का?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, उगाचच, पुन्हा पुन्हा.

"रोज सकाळी पान उघडलं की ती चढते, वहिनी," तुम्ही म्हणालात. "रोज. मी दुवा बघायला जातो आणि ती चढते. म्हटलं, एवढं एक वाक्य नसलं तर काय बिघडतंय? आकडा तर राहतोय."

पण आकडा राहत नव्हता. अख्खा संदर्भ, तारीख, पत्ता सगळं, तुम्ही त्या पहिल्या वाक्याला बांधलं होतं. पुढच्या सात ठिकाणी संदर्भाचं नुसतं नाव होतं. पहिलं काढल्यावर बाकीची सातही अधांतरी. ती चढलीच नाही, तर बुडेल कशी? यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

हे मी तुम्हाला समजावलं. त्यातला शेवटचा भाग मोठ्याने बोलले नाही, पण तुम्हाला तो कळला. तुम्ही ते वाक्य परत स्वतःच टाईप केलंत, एका बोटाने, अक्षर अक्षर करत. लाल अक्षरं गेली.

"चढू दे," तुम्ही म्हणालात. मग डबा उघडलात.

त्यानंतर वर्षभराने वर्तमानपत्राचा मालक बदलला. नव्या मालकाने नवं संकेतस्थळ केलं आणि जुने अंक कुठेच ठेवले नाहीत. आता टक्का लावा की रेघ लावा, पलीकडे कुणी नव्हतंच. लेखाच्या चर्चा पानावर एका सदस्याने लिहिलं. त्याच्या नावापुढे चष्म्याचं चित्र होतं, म्हणून आपण त्याला 'चष्मा' म्हणायचो. त्याने लिहिलं : 'दुवा मृत झाला आहे. छापील अंकाचा पान क्रमांक मिळाला तर दुव्याची गरज नाही, बेचाळीस मी स्वतःच राखीन. नाहीतर चौकशी अहवालाप्रमाणे एकेचाळीस करावे लागतील. घाई नाही, थांबतो.'

तुम्ही पाकिटातलं कात्रण काढून मला दाखवलंत. घडीवर विरलेलं. उलटून तो अर्धा बूट दाखवलात. "जाहिरात आहे, म्हणजे आतलं पान. पाचवं असेल. किंवा सातवं. पण असेल म्हणून कसं चालेल?"

जुन्या अंकांचे बांधीव खंड मोठ्या वाचनालयात होते. ते वाचनालय, भाऊजी, मी दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामाला जाते त्या रस्त्यावर. एक स्टॉप आधी उतरायचं, एवढंच. तुम्हाला तीन जिने उतरवत नव्हते, नाकात नळी आली होती. तुम्ही डायरीतला कागद फाडून तारीख लिहून दिलीत. "फक्त पान क्रमांक, वहिनी. आणि जमलं तर रकाना कितवा, तेही."

"त्यात काय, मंगळवारी बघते," मी म्हटलं.

पहिल्या मंगळवारी बसला उशीर झाला. दुसऱ्या मंगळवारी गेले, तर त्यांची जेवणाची सुट्टी होती; अर्धा तास थांबायचं ते मी थांबले नाही. तिसऱ्या मंगळवारी काहीच कारण नव्हतं. वाचनालय खिडकीतून मागे जाताना मी पाहिलं. कंटाळा केला. दुसरा शब्द नाही त्याला.

चौथ्या मंगळवारी संध्याकाळी तुमचा फोन आला. "झालं का हो ते पानाचं?"

व्यायाम करून गुडघा ठणकत होता. मी आधीच तापट. म्हटलं, "अहो भाऊजी, एकेचाळीस काय नि बेचाळीस काय! एकाने नदीला काय फरक पडला?"

फोनमध्ये फक्त तुमच्या त्या प्राणवायूच्या यंत्राचा आवाज येत होता, फुस्स, फुस्स. तो मी मोजला नाही, पण अजून ऐकू येतो. मग तुम्ही अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालात, "खरं आहे. तुम्ही आधी गुडघ्याचं बघा."

पुन्हा तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी येत राहिले, डबे आणत राहिले, तुम्ही माझ्या भाजीला नावं ठेवत राहिलात. कागद माझ्या पर्समध्ये होता. तुम्ही एकदा जरी चिडला असतात, तरी मी रागारागाने जाऊन काम उरकून आले असते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत होता. पण चिडणं तुमच्या स्वभावात नव्हतं.

आठव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, तुम्ही गेलात. शेजारच्या नर्सबाई सांगत होत्या की दाढी झालेली होती आणि संगणक चालू होता.

त्यानंतरच्या मंगळवारी मी एक स्टॉप आधी उतरले. वाचनालयाच्या फाटकाला साखळी. रखवालदार खुर्ची टाकून बसला होता.

"इमारत धोक्याची झाली, बाई. सगळं हलवलं."

"जुने पेपर? बांधलेले?"

"खोक्यांत भरून नेले ना ट्रकने."

"कुठे?"

"ते वरच्यांना माहीत."

"कधी नेले?"

"झाले की तीन आठवडे."

तीन आठवडे. मी उभ्या उभ्या हिशोब केला, रसायनवाल्यांना सवयच असते. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही होतात. मीही होते. मंगळवारही होता.

मी वरच्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं : नोंद घेतली आहे. नव्या मालकाच्या कचेरीत गेले. तिथल्या मुलीने फार गोड बोलून सांगितलं, की जुना छापील संग्रह त्यांच्याकडे आलाच नाही. चष्म्याने चार महिने वाट पाहिली होती. त्याला तुमचं काही माहीत नव्हतं. मी चर्चा पानावर लिहिलं की हे सदस्य आता नाहीत. त्याने लिहिलं : 'फार वाईट वाटले. पान क्रमांकाची शेवटची मुदत म्हणून आणखी आठ दिवस थांबतो.'

सातव्या दिवशी मी तुमच्या खोलीत तुमच्याच खुर्चीवर बसले. संदर्भाचा साचा उघडला. वर्तमानपत्राचं नाव भरलं, तारीख भरली. पुढे 'पान' असा रिकामा चौकोन. मी पाच लिहिलं. बूट आठवला, पाच खोडून सात, सात खोडून पाच. कोण बघायला जातंय? खंड खोक्यांत, खोकी कुणालाच माहीत नाहीत. एक आकडा टाकला की बेचाळीस टिकले असते, बहुधा कायमचे.

मला तुमचा तो एक किस्सा आठवला. तक्रार मिटल्याची पावती लवकर फाडायची म्हणून एका सहकाऱ्याने तार न जोडता नुसती पट्टी गुंडाळली होती. बाहेरून झकास. तुम्ही महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हतात. म्हणाला होतात, "लाइन बंद आहे हे कळलं तर माणूस दुसरी वाट तरी बघतो. या पट्टीने त्याला बसवून ठेवलं."

मी आकडा खोडला. पान जतन न करताच बंद केलं. दुसऱ्या दिवशी चष्म्याने सात ठिकाणी एकेचाळीस केले आणि ते वाक्यही काढलं, शिवणशिक्षिका चढल्याचं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चढल्याचा पुरावा माझ्याकडे मागितला होता, मी दिला नाही.

परवा खोली रिकामी केली. संगणक नर्सबाईंना दिला. तुमच्या डायऱ्या माझ्याकडे आहेत. शेवटच्या डायरीतलं शेवटचं पान मी वाचलं, अक्षर थरथरलेलं, पण रकाने पट्टीने आखलेले. तक्रार : आकडा जाणार. कारण : पान क्रमांक नाही. निवारण या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'वहिनी मंगळवारी बघणार आहेत.'

खाली आठ तारखा आहेत, सगळ्या मंगळवारच्या. सातांवर बारीक रेघ मारलेली आहे. आठवीवर नाही.